दोन मिनिटं चाळीस सेकंदांवरचा धक्का

तुम्हा दोघांचा निरोप मिळाला. घराचा व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लावून पाहिलात, आजोबा छान दिसतात, मात्र दोन मिनिटं चाळीस सेकंदांवर कॅमेऱ्याला एक धक्का बसतो. तो सॉफ्टवेअरने काढता येईल, काढू का, असं तुम्ही विचारलं आहे. चित्राच्या कडा थोड्या कापल्या जातील, बाकी काही बिघडणार नाही, असंही लिहिलं आहे. विचारलंत हे बरं केलंत. हल्ली लोक आधी काढतात आणि मग सांगतात.

उत्तर एका शब्दात देता येईल. पण मग तुम्ही ‘का’ म्हणून विचाराल, आणि फोनवर मला मुद्देसूद सांगता येत नाही, कारण तुमची आई मध्ये बोलते. म्हणून लिहिते आहे. मराठीत लिहिते आहे, कारण कॉलेजच्या ग्रंथालयात जन्मभर इंग्रजीत कार्डं लिहिली, तेवढं इंग्रजी पुरे झालं. एखादा शब्द अडला तर आईला विचारा. तिलाही नाही आला तर मला कळवा, म्हणजे तिच्याशी बोलता येईल.

तो व्हिडिओ ज्यांनी काढला ते गृहस्थ शनिवार पेठेतल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहायचे. एकटेच. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. तुमची आई शाळेत असताना त्यांना हळूकाका म्हणायची, कारण त्यांच्या तोंडी तो एकच शब्द असे. दार लावताना हळू, स्कूटर काढताना हळू, जिन्यात मुलं भेटली तर हळू. त्यांचं खरं नाव मला अर्थातच माहीत आहे. पण त्यांना आपलं नाव कुठे लागलेलं आवडत नसे. सिनेमाच्या शेवटी नावांची लांबलचक यादी येते, तीत त्यांचं नाव कधी आलं नाही आणि त्यांनी ते कधी शोधलंही नाही. मग इथेही नको.

त्यांनी तीस वर्षं ट्रॉली ढकलली. सिनेमात कॅमेरा नायिकेच्या जवळ सरकत जातो, तो आपोआप जात नाही. जमिनीवर रूळ टाकलेले असतात, रुळांवर गाडी, गाडीवर कॅमेरा आणि कॅमेरामन, आणि मागून ढकलणारा एक माणूस. तो माणूस हे. एकदा चहा पिताना मला म्हणाले, “नायिका रडते, कॅमेरा जवळ जातो आणि थेटरात बायका पदर लावतात डोळ्यांना. जवळ नेलं कोणी, वहिनी?”

“तुम्ही.”

“आणि बक्षीस कोणाला?”

“नायिकेला.”

“बरोबर आहे. ती दिसते. ढकलणारा दिसला तर काम फसलं.”

हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. नियम म्हणून सांगितलं होतं. हा नियम ते घरातही पाळत. त्यांचा एकही फोटो नव्हता. गणपतीत इमारतीचा फोटो निघायचा, त्यात सगळे बिऱ्हाडकरू असत, हे नसत. कारण फोटो काढायला तेच उभे असायचे.

रूळ लोखंडाचे, उचलायला आठ माणसं लागायची. पन्नाशीत त्यांची पाठ धरली तेव्हा त्यांनी ठरवलं, की जे आपल्या एका खांद्यावर मावत नाही ते यापुढे वापरायचं नाही. तिथून पुढे वीस वर्षं ते कॅमेरा हलवायची हलकी साधनं बनवत राहिले. रविवारी आणि बुधवारी जुन्या बाजारात जाऊन मुलांच्या स्केट्सची चाकं, पडद्याच्या दांड्या, शिलाई मशीनचे बेअरिंग असलं काहीबाही आणायचे आणि त्यातून कॅमेरा सरकवायच्या घसरपट्ट्या, गाड्या, दांडे तयार करायचे. सगळी साधनं क्रिकेटच्या एका जुन्या किटबॅगेत मावत. सिनेमा शिकणारी मुलं ती बॅग न्यायची आणि परत आणून द्यायची. इमारतीत नव्याने आलेल्यांना ते क्रिकेटचे प्रशिक्षक वाटायचे. त्यांनी तो गैरसमज कधी दूर केला नाही.

साधन हलकं किती झालं हे पाहायला हळूकाका ते घेऊन कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जात आणि त्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवत. आठवड्यातून तीनदा तरी. शेवटी वाणी म्हणाला, “काका, काही घ्यायचंय का?”

“नाही. कमी करायचंय.”

वाण्याने पुढे त्यांना काही विचारलं नाही. गिऱ्हाइकं थांबवून काटा मोकळा करून द्यायचा.

साधन चांगलं झालं की नाही याची त्यांची कसोटी म्हणजे एक स्टीलचं फुलपात्र. ते काठोकाठ पाण्याने भरायचं, साधनावर ठेवायचं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवायचं. एक थेंब सांडला की साधन बाद. स्वतःलाही त्यांनी हीच कसोटी लावली होती. मी चहा दिला की कप भरून मागायचे, काठाला टेकेपर्यंत. तो हातात घेऊन दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर जायचे आणि तिथे पोचल्यावर प्यायचे. चहा गार झालेला असायचा. बशीत मात्र काही नसायचं.

त्यासाठी त्यांनी एक चाल बसवली होती. गुडघे थोडे वाकलेले, आधी टाच, मग चवडा, कमरेच्या वरचं शरीर अजिबात हलायचं नाही. झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन जावं तसं. रस्त्यातून असे चालायला लागले की ओळखीचे लोक थांबवून गुडघेदुखीवर तेल सुचवायचे. ते तेलाचं नाव लिहून घ्यायचे आणि तुमच्या आजोबांना आणून द्यायचे.

दुसऱ्याच्या चालीवरही त्यांचं लक्ष असे. माझ्याबद्दल त्यांचं मत होतं की एका पावलात तीन धक्के आहेत. आजोबांच्या पावलात एकच, पण मोठा. येरवड्याला त्यांची भाची राहायची, तिच्याकडे रिक्षाने जाताना ते फुलपात्र बरोबर न्यायचे आणि प्रत्येक गतिरोधकाच्या आधी वीस फुटांवर रिक्षावाल्याला ‘हळू’ म्हणायचे. एकाने काळजीने विचारलं, “काका, ऑपरेशन-बिपरेशन झालंय का?”

“नाही. पाणी आहे.”

येरवड्याच्या वाटेवर गतिरोधक किती आणि कोणता कसा, हे त्यांच्या खिशातल्या छोट्या डायरीत लिहिलेलं होतं. रस्ता पुन्हा खणला की ते पान रद्द करायचे.

आता खणाची गोष्ट. तुमच्या आईला ती आठवते, पण ती चुकीची सांगते. खरी अशी. ते एकदा विरजण मागायला आले. मी वाटी आणायला आत गेले आणि बाहेर आले तर हे आमच्या चमच्यांचा खण उघडत होते, लावत होते, पुन्हा उघडत होते.

“वहिनी, हा खण फार सुरेख सरकतो.”

“सुताराने चांगला केलाय.”

“सुताराचं काही नाही. आतल्या पट्ट्या चांगल्या आहेत. दोन दिवस द्याल का?”

“खण?”

“खण राहू द्या. पट्ट्या द्या.”

मी नको म्हणणार होते, पण तुमचे आजोबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, “देऊन टाक. चमचे सरकल्याशिवाय कोणाचं काही अडत नाही.” पुढे दोन महिने आमचे चमचे बांबूच्या टोपलीत होते. विरजण ते विसरून गेले.

त्या पट्ट्यांची त्यांनी दोन फुटांची घसरपट्टी केली. एका विद्यार्थिनीने ती वापरून छोटासा सिनेमा केला आणि आम्हाला पाहायला बोलावलं. एक आजारी म्हातारी पलंगावर पडलेली असते आणि कॅमेरा तिच्या पायांपासून चेहऱ्यापर्यंत हळूहळू सरकत जातो. पाच-सहा सेकंदच, पण माझाही पदर डोळ्यांकडे गेला. तेवढ्यात हे शेजारून वाकून माझ्या कानात म्हणाले, “तुमचा खण.”

त्यानंतर मला तो सिनेमा नीट पाहता आला नाही.

मी व्यवस्थित आहे असं तुमची आई म्हणते, तेव्हा ती कौतुक करत नसते, हे मला कळतं. या व्यवस्थितपणाचा एक बळी हळूकाकाही होते. ते आठ दिवस कोल्हापूरला कामावर गेले होते आणि त्यांची किल्ली माझ्याकडे होती. वरच्या नळाची गळती त्यांच्या खोलीत उतरली म्हणून मी आत गेले. टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, आणि त्यावर लोखंडी वॉशरचे, म्हणजे नटाखाली घालतात त्या चकत्यांचे, लहानमोठे ढीग. दोन मोठे आणि एक लहान, चार लहान आणि एक मोठा, असे काहीतरी. मला ते बघवेना. मी दुपारभर बसून सगळे वॉशर आकाराप्रमाणे वेगळे केले, सात बरण्यांत भरले आणि प्रत्येक बरणीवर चिठ्ठी लावली.

ते परत आले, टेबलाकडे पाहिलं आणि जिना चढून वर आले.

“वहिनी, फार सुंदर लावलंय.”

“गळतीमुळे आत जावं लागलं. म्हटलं, हात लावलाच आहे तर…”

“फार सुंदर. आता माझ्याकडे एकही साधन शिल्लक नाही.”

एकेक ढीग म्हणजे एकेका कॅमेऱ्याचा तोल होता. कोणत्या कॅमेऱ्याला खाली किती वजन लावलं की तो डगमगत नाही, हे त्यांनी महिनोन्‌महिने वाण्याच्या काट्यावर ठरवलेलं होतं. आता ते सगळं पुन्हा ठरवायचं होतं. ते रागावले नाहीत. दोनेक आठवड्यांनी जिन्यात भेटले तेव्हा फक्त एवढंच विचारलं, “ग्रंथालयात पुस्तकं उंचीप्रमाणे लावायचात का?”

माझ्या नोकरीबद्दल इतकं कडक मत आमच्या प्राचार्यांनीही कधी दिलं नव्हतं.

मधल्या काळात मोटारीवर चालणारं एक यंत्र निघालं. हातात धरायचं, वर कॅमेरा लावायचा, हात कितीही हलला तरी यंत्र कॅमेरा स्थिर ठेवतं. तुम्हाला त्याचं नाव माहीत असेल. एक विद्यार्थी मोठ्या उत्साहाने त्यांना ते दाखवायला आला. मी तिथे पावती मागायला, म्हणजे पाण्याच्या बिलाची पावती मागायला गेले होते, म्हणून मला ऐकायला मिळालं.

“सर, यात मोटर आहे. तुम्ही धावलात तरी हे सरळ ठेवतं.”

“आपोआप?”

“आपोआप.”

“मग तुझं काय काम?”

मुलगा हसला. हे हसले नाहीत. थोड्या वेळाने मुलगा म्हणाला, “सर, पण वजन फक्त सव्वा किलो.”

“माझं आठशे ग्रॅम. आणि चार्जर विसरायची सोय नाही.”

मुलगा गेल्यावर मात्र त्यांनी बराच वेळ दार लावलं नाही. त्या वर्षापासून किटबॅग न्यायला मुलं कमी येऊ लागली. पुढे आलीच नाहीत. त्यांनी साधनं बनवणं थांबवलं नाही. वाण्याकडचे वजनाचे हेलपाटेही चालू होते.

आता व्हिडिओकडे येते.

तुम्हाला आठवत असेल, आमची इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं आणि सहा महिन्यांत घर रिकामं करायचं होतं. तुमच्या परीक्षा, आईची रजा, तिकिटं, यातलं काही जुळेना. तुम्ही त्या घरात शेवटचे आलात तेव्हा एक सात वर्षांची होती आणि एक चार वर्षांचा. आजोबांना तुम्ही व्हिडिओ कॉलवर पाहत होतात, पण फोन कानाला लावायचा असतो यावर आजोबा ठाम होते. त्यामुळे दोन वर्षं तुम्हाला त्यांचा उजवा कान आणि मागचा पंखा दिसत होता. असा एक कॉल चालू असताना हळूकाका वर आले होते. त्यांनी फोनमध्ये डोकावून पाहिलं आणि कॉल संपेपर्यंत थांबले.

मग म्हणाले, “साहेबांच्या नातवंडांना साहेबांचा कान तेवढा माहीत आहे?”

“पंखाही माहीत आहे,” आजोबा म्हणाले.

“घर जाणार. पोरं येणार नाहीत. मी घर काढून देतो. एका दमात. खालच्या दारापासून निघायचं, जिना, तुमचं दार, बैठक, साहेब, स्वयंपाकघर, गॅलरी. कुठे तोडायचं नाही. पोरं जणू स्वतः चालत आली असं वाटलं पाहिजे.”

“मोटर लावून?” आजोबांनी मुद्दाम विचारलं.

हळूकाका तोवर दारापासून खुर्चीपर्यंतची पावलं मोजू लागले होते.

आदल्या वर्षी आजोबा न्हाणीघरात पडले होते आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं, हे तुम्हाला सांगितलं होतं. डॉक्टर काय म्हणाले ते मात्र सांगितलं नव्हतं. ते म्हणाले होते, की आता एकदा पडले तर पुन्हा उभे राहणार नाहीत. त्यांनी अॅल्युमिनियमची एक काठी लिहून दिली होती. आजोबांचं म्हणणं, काठी म्हातारी माणसं वापरतात. ते तेव्हा एक्याऐंशीचे होते. काठी दाराआड उभी असायची आणि आजोबा भिंत, खुर्ची, टेबल, भिंत असे धरत फिरायचे. मी काठी हातात दिली की ते ती मलाच परत द्यायचे.

हळूकाकांनी ती काठी उचलून बोटावर तोलली. “हलकी आहे. सरळ आहे. साहेब, ही चार दिवस द्याल?”

“कायमची न्या,” आजोबा म्हणाले.

मला ते पटलं नाही. पण मी काही बोलले नाही, कारण नाही तरी काठी दाराआडच होती. हे मी स्वतःलाच सांगितलं.

चार दिवसांत काठीचं साधन झालं. वरच्या टोकाला माझा फोन बसवायचा चिमटा, खालच्या टोकाला वॉशर, आणि मधे एक मूठ, जिच्यात बेअरिंग होतं. मूठ उजव्या हातात धरायची आणि डाव्या हाताची दोन बोटं काठीला नुसती टेकवून ती वळवायची. बाकी काही नाही. त्यावर फुलपात्र ठेवून ते जिना चढून आले. मी जमीन पुसायला फडकं घेऊन उभी होते, ते तसंच कोरडं परत ठेवलं.

सकाळी नऊला सुरुवात केली. पहिल्यांदा पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडून “काय हो, हे काय धरलंय?” म्हणून विचारलं. बाद. दुसऱ्यांदा मला काही दिसलं नाही, पण त्यांच्या मते अकराव्या पायरीवर धक्का होता. बाद. तिसऱ्यांदा सगळं छान जमलं, कॅमेरा दारातून आत आला आणि आजोबा खुर्चीचा हात धरून उठले आणि म्हणाले, “या, या.”

तुम्ही आजोबांच्या कानाच्या पलीकडे त्यांना फारसं पाहिलं नाहीत म्हणून सांगते. दारातून माणूस आत आला की ते उठायचे. कोणीही असो. शेजारी असो, गॅसवाला असो, पाच वर्षांचं पोर असो. पुण्याच्या आदरातिथ्याबद्दल लोक काहीही बोलोत, आमच्या घरी पाहुण्याला बसल्या जागेवरून ‘या’ म्हटलं गेलं नाही.

“साहेब,” हळूकाका म्हणाले, “आपण बसून राहायचं.”

“माणूस आत येतो तेव्हा?”

“माणूस नाही. कॅमेरा आहे.”

“कॅमेऱ्याला कोण घेऊन येतंय?”

“मी. पण मी नाही आहे असं समजायचं.”

“ते कसं समजणार? समोर उभे आहात.”

चौथ्यांदा आजोबा बसून राहिले, पण पासपोर्टचा फोटो काढताना बसतात तसे. हळूकाका म्हणाले, “साहेब, आपण बसलेले दिसत नाही, बसवलेले दिसता.” बाद. पाचव्यांदा माझ्या कुकरची शिट्टी झाली. सहाव्यांदा आजोबा अर्धे उठले, आठवलं म्हणून बसले. सातव्यांदा पूर्ण उठले. आठव्यांदा आधी विचारलं, “आता उठू नको ना?” आणि ते त्यात ऐकू आलं.

हळूकाका तेव्हा एकाहत्तरचे होते. आठ वेळा दोन मजले चढले होते, गुडघे वाकवून. त्यांच्या सदऱ्याची पाठ भिजलेली होती. मी म्हटलं, आता पुरे, यातला कोणताही चालेल, मुलांना काय कळतंय. त्यांनी डायरीत आठव्यापुढे ‘बाद’ लिहिलं आणि म्हणाले, “मुलांनाच कळतं.” आणि खाली गेले.

मला त्यांनी काम दिलं होतं ते असं, की ओट्यापाशी उभं राहून चहा ढवळायचा आणि वर बघायचं नाही. मी तेच करत होते. म्हणून नवव्या खेपेला काय झालं ते मी पाहिलं नाही. ते मी तुमच्यासारखंच व्हिडिओत पाहिलं.

कॅमेरा आत येतो. आजोबा पेपर वाचत असतात, खरोखर वाचत असतात. मान वर करतात. त्यांना आनंद होतो. सवयीने पेपर खुर्चीच्या हातावर ठेवतात, त्यावरच तळवा टेकतात आणि उठतात. पेपर सरकतो. काठी शेजारी नाही, कारण काठीवर फोन आहे. आजोबांचा खांदा खाली जातो, आणि तिथे, दोन मिनिटं चाळीस सेकंदांवर, कॅमेरा डावीकडे हिसका खातो.

कारण हळूकाकांनी डावी बोटं काठीवरून काढली. इतकी वर्षं जी कधी सुटली नव्हती ती सोडली, आणि आजोबांचा दंड पकडला. उजव्या हाताने काठी तशीच धरलेली. एकाहत्तरचा माणूस एक्याऐंशीच्या माणसाला एका हाताने तोलून धरतो आहे, आणि दुसऱ्या हातात आठशे ग्रॅम. मग आजोबा सावकाश खाली बसतात. आणि त्यांचा आवाज येतो, जो तुम्हाला नीट ऐकू आला नाही असं तुम्ही लिहिलं आहे. ते म्हणतात, “मी बसतो. तुम्ही व्हा पुढे.”

एक क्षण कॅमेरा तिथेच थांबतो. मग पुढे होतो. स्वयंपाकघरात मी चहा ढवळते आहे. मागे काय होऊन गेलं याची मला काही कल्पना नाही. मग गॅलरी, वाळत घातलेले टॉवेल, समोरचं आंब्याचं झाड, आणि संपतं.

मी चहा घेऊन बाहेर आले तर हळूकाका आजोबांच्या पायाशी जमिनीवर बसले होते, आणि आजोबा त्यांना म्हणत होते, “अहो, वर बसा. खुर्ची आहे.”

त्या दिवशी त्यांनी कप भरून घेतला नाही. अर्धाच घेतला, आणि आमच्याकडेच बसून प्यायले. दुपारी साधन सोडवलं, काठीला रबराचं नवं बूच बसवलं आणि वर आणून आजोबांच्या हातात दिली. “चार भोकं पडली आहेत. पण आता हिचा तोल मला माहीत आहे. साहेब, आता ही वापरायची.” आजोबांनी ती शेवटपर्यंत वापरली. कोणी विचारलं तर सांगायचे, “डॉक्टरांची नाही. सिनेमातली आहे.”

मला हळूकाका म्हणाले, तो नववा पुसून टाका. मी म्हटलं, मला फोनवरचं पुसता येत नाही. हे खरं नव्हतं. रोज सकाळी मी सुप्रभातचे तीस-पस्तीस निरोप पुसते.

नंतर आम्ही इथे भाड्याच्या घरात आलो, ते येरवड्याला भाचीकडे गेले. पुढच्या वर्षी आजोबा गेले, तेव्हा ते येऊन तासभर बसले. जाताना माझ्याकडे पाहून म्हणाले, “आता चारच्या वर गेलेत.” माझ्या पावलातल्या धक्क्यांबद्दल. दाराआडची काठी त्यांनीच माझ्या हातात दिली. मी ती परत केली नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्या भाचीचा फोन आला. मामा गेले, म्हणाली. झोपेतच. मग विचारलं, “काकू, पेपरात द्यायला मामांचा एखादा फोटो आहे का हो तुमच्याकडे? आमच्याकडे एकही नाही.”

“आधार कार्डावरचा असेल की.”

“आहे. पण त्यात ते हललेत.”

मी शोधून पाहते म्हटलं. गणपतीचे सगळे फोटो वर्षवार लावलेले आहेत, ते काढून पाहिले. सगळे बिऱ्हाडकरू होते. मग फोनमधला नववा व्हिडिओ काढला, हिसक्यापाशी थांबवला आणि ते चित्र तिला पाठवलं. डाव्या कडेला खाली, आजोबांच्या दंडावर, चार बोटं आणि मनगट आहे.

तिचा फोन आला. “काकू, यात मामा कुठे आहेत?”

“डाव्या कोपऱ्यात बघ.”

तिने चित्र मोठं करून पाहिलं असावं. मग म्हणाली, “घड्याळ मामांचंच आहे.”

पेपरात निधनाची बातमी फोटोशिवाय आली.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर. तो धक्का काढू नका. आणि मुख्य म्हणजे, कडा कापू नका.